बगझिला की गिटहब इश्यूज: दुबार नोंदी कुठे नीट सांभाळल्या जातात?

देवनागरीत काम करणारा एखादा गट सॉफ्टवेअरमधल्या चुका एकत्र नोंदवायला बसला की चर्चा बहुधा दोन नावांवर येते: बगझिला, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी चूक-नोंदणी प्रणाली, आणि गिटहब इश्यूज, म्हणजे कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरची नोंदींची सोय. नोंद करणं, शोधणं, चित्र जोडणं दोन्हीकडे जमतं, म्हणून ते सोडून देतो.

सुरुवात गिटहबवर सोपी आहे, हे मान्यच. सर्व्हर लागत नाही आणि इश्यू फॉर्ममध्ये, म्हणजे नोंद भरण्याच्या अर्जात, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्ट हे रकाने सक्तीचे करता येतात. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावर भागवणाऱ्याला निदान थांबून माहिती भरावी लागते. नोंदींचं वर्गीकरण करणाऱ्यांना ट्रायाज अधिकार (कोड न बदलता नोंदी हाताळण्याची मुभा) द्यायचा असेल, तर रेपो, म्हणजे प्रकल्पाचं कोड-भांडार, संस्थेच्या खात्यावर हवा. बगझिला स्वतः चालवायचा तर पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा, डेटाबेस आणि खात्रीने मेल पाठवणारी व्यवस्था सांभाळणारा माणूस लागतो. मेल जात नसेल तर बगझिलाचा अर्धा उपयोग संपला.

तरी माझा कल बगझिलाकडे आहे, तो मुख्यतः दुबार नोंदींमुळे. वापरकर्ते एकच चूक वेगवेगळ्या शब्दांत मांडतात: कुणी ‘दऱ्या शब्द तुटतो’ लिहितो, कुणी ‘रफार चुकीचा येतो’, कुणी थेट फॉन्टला दोष देतो. बगझिलात यातली एक नोंद दुबार ठरवली की ती नोंदवणारा वापरकर्ता मूळ नोंदीच्या सीसी यादीत (मेलची प्रत मिळणाऱ्यांच्या यादीत) आपोआप जातो. पुढे कुणी माहिती मागितली किंवा दुरुस्ती झाली, तर त्याला कळतं. गिटहबवर नोंद दुबार म्हणून बंद केली की तिच्यातला माणूस मागेच राहतो. मूळ नोंद उघडून त्याने स्वतः सबस्क्राइब करायचं, म्हणजे तिच्या सूचना मागायच्या असतात, आणि माझ्या अनुभवात फार थोडे लोक ते करतात.

नुकसान इथेच होतं, कारण चूक हमखास घडवणारी फाइल अनेकदा त्याच माणसाकडे असते. ‘ऱ्य’चंच बघा. तो ०९३१ या युनिकोड क्रमांकाच्या ऱ ला हलन्त लावून लिहिता येतो, किंवा ०९३० चा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असाही. कीबोर्डप्रमाणे क्रम बदलतो, पण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात. चूक एकाच क्रमावर घडत असेल तर स्क्रीनशॉटवरून ते उमगत नाही. मूळ फाइलच लागते. नाहीतर ‘माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतं’ या उत्तरावर नोंद बंद होते.

बगझिलात जुनी जोडलेली फाइल कालबाह्य म्हणून खूण करता येते, हीही सोय मोठी. मात्र सभासदाचा मेल-पत्ता लॉगिन केलेल्या इतरांना दिसू शकतो, तेव्हा वेगळा पत्ता वापरायला सांगा.

काम मुख्यतः लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरचं असेल तर प्रश्न बराचसा सुटलेलाच आहे: त्यांच्या नोंदी बगझिलातच घेतल्या जातात, गिटहबवर फक्त कोडची प्रत असते. ज्या फॉन्टांचा स्रोत गिटहबवर आहे, त्यांच्यासाठी गिटहब बरा वाटतो. तो निवडलात तर दुबार नोंद बंद करणाऱ्याने मूळ नोंदीत त्या वापरकर्त्याचं नाव अ‍ॅट-चिन्हासह लिहायचं, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नाव घेतलं की तो त्या नोंदीला जोडला जातो, आणि फाइल तिथेच मागता येते.