यंत्र ठणठणीत, पण माझ्या नडगीला ऐकू जात नाही

जन्म गेला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात, म्हणून आधी यंत्राबद्दल. स्नायूंना विजेचे झटके देणारं, दोन चॅनेलचं, चार चिकट पॅडचं. बटणं अंधारातही चाचपून कळतात. पॅड वीसेक वेळा वापरले तरी नीट चिकटतात. बांधणीला नावं ठेवायला जागा नाही. तक्रार आहे ती खोक्यावरच्या दोन ओळींबद्दल: ‘निकामी स्नायूंना पुन्हा ताकद’ आणि ‘रक्तातली साखर आटोक्यात’.

मला मधुमेह होऊन तेरा वर्षं झाली. त्यात प्लास्टरच्या काठाने गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला हाडाचा गोळा हाताला लागतो ना, तिथेच नस दाबली गेली. प्लास्टर निघालं आणि पाऊल वर उचलेना. ईएमजीत, म्हणजे नसा आणि स्नायूंमधले विजेचे संदेश मोजणाऱ्या तपासणीत, निघालं की नडगीच्या स्नायूपर्यंत नसेचा संदेश जवळजवळ पोहोचतच नाही. मग ही जाहिरात दिसली.

आधी चांगल्या पायावर लावून पाहिलं. जोराचा आकडा 12 वर गेला आणि पाऊल टुणकन वर आलं. दुखऱ्या पायावर 12, 20, 35 करत शेवटपर्यंत गेलो. थोड्या मुंग्या आल्या, पाऊल ढिम्म. पॅड मागे पोटरीवर सरकवला तर पोटरी लगेच उडाली, कारण तिची नस वेगळी आणि शाबूत.

माळ्यावरचा जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, काढला. जोर कितीही वाढवा, पल्सची रुंदी, म्हणजे एकेक झटका टिकतो तो वेळ, 300 मायक्रोसेकंदांच्या पुढे जात नाही. भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिला फोटो पाठवला. ती म्हणाली, “मामा, हे यंत्र स्नायूशी बोलतच नाही, नसेशी बोलतं. नसच नसेल तर निरोप पुढे नेणार कोण?” नस तुटलेल्या स्नायूला थेट हलवायचं तर पल्स दहापट नाही, शेकडोपट लांब लागतो. त्याची यंत्रं वेगळी असतात. त्यात कातडी भाजण्याचा धोका असतो, आणि मधुमेहात कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळतही नाही. तेव्हा ते घरी एकट्याने करायचं काम नव्हे.

आता साखरेचं. इन्सुलिनच्या हुकमावर रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा अंगातले स्नायू घेतात. उंदरांच्या एकाच पायाची नस कापून दुसरा पाय तुलनेला ठेवण्याचे प्रयोग पूर्वीच झालेत. नस कापलेला स्नायू एक-दोन दिवसांतच इन्सुलिनला नीट दाद देईनासा होतो, म्हणजे तो वाळून बारीक व्हायच्याही आधी. गंमत अशी की इन्सुलिन त्याच्या पेशींना पूर्वीइतकंच चिकटतं. आमच्या भाषेत सांगायचं तर अँटेना शाबूत, पुढची स्टेज मेलेली. पुढे साखर आत ओढणारं ग्लुट-4 नावाचं प्रथिनही कमी होत जातं.

उलट स्नायू आकुंचन पावला की तेच ग्लुट-4 इन्सुलिनची वाट न बघता, वेगळ्या वाटेने पेशीच्या काठावर येतं. म्हणून खोक्यावरची दुसरी ओळ निव्वळ थाप नाही. पण त्यासाठी स्नायू हलायला हवा, आणि माझा तर हललाच नाही. हलला असता तरी नडगीचा एवढासा स्नायू अख्ख्या अंगाची साखर कितीशी ओढणार?

पाच आठवडे रोज सकाळी ग्लुकोमीटरवर मोजलं. आधी 140 ते 155, नंतरही तेच. शेवटचे दहा दिवस पॅड मांड्यांवर लावले तेव्हा आकडा जरा उतरला. पण त्याच दहा दिवसांत पायाला स्प्लिंट बांधून रोज अर्धा तास चालायलाही लागलो होतो, तेव्हा श्रेय यंत्राला देणं मला जमणार नाही.

पाचपैकी अडीच तारे. नस शाबूत असून पाय नुसता अशक्त झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. नस गेली असेल तर आधी ईएमजी करा, खोकं नंतर वाचा. हृदयात पेसमेकर असेल तर हातही लावू नका. हे माहितीपत्रकात आहे, पण मुंगीएवढ्या अक्षरात.

परत पाठवलेलं नाही. नस सावरली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असं भाची सांगते. पुढची ईएमजी झाली की पुन्हा नडगीवर लावून 12 वर नेऊन बघेन.