थेम्सकाठी चालायचं: ऑक्सफर्डच्या वर की खाली?

केम्बलजवळच्या उगमापासून ऑक्सफर्डपर्यंतचा थेम्स पाथ, म्हणजे नदीकाठची लांब पायवाट, निवांत, पण गटाला जरा अडचणीचा. उन्हाळ्यात उगमापाशी बहुधा पाणीच नसतं, नदी शोधतच निघायचं! लेचलेडनंतर कुरणं, गाई, मधूनच एखादं लॉक (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारं, दारं असलेलं पाण्याचं कुंड). गावं विरळ, मुक्कामाच्या खोल्या मोजक्या. दहा-बारा जणांचं बुकिंग फार आधी हवं. केम्बल सोडलं की ऑक्सफर्डपर्यंत काठावर रेल्वे स्टेशनही नाही.

ऑक्सफर्ड ते विंडसर मात्र गोरिंग, पँगबर्न, रेडिंग, हेन्ली अशी स्टेशनं लागतात. कोणाचा गुडघा कुरकुरला तर गाडीनं पुढे जाता येतं. गोरिंगला टेकड्या दोन्ही बाजूंनी जवळ येतात, तो टप्पा सुरेख. रेडिंगची गर्दी सोसायची. कमी-जास्त दमाची माणसं असतील तर मी हाच भाग घेईन. सराईत चौघंच असतील तर वरचा. हिवाळ्यात दोन्हीकडे पुराचा धोका, मे-जून बरे.