नो कॉस्ट ईएमआयवर जिम : २४,७६८ रुपये ८२ पैसे

आधी आकडा सांगून टाकतो, कारण घरी तो मी तीन वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा कमी सांगितला. २४,७६८ रुपये ८२ पैसे. एवढ्या पैशांत मी बडोद्यातल्या एका जिममध्ये एकूण ३१ दिवस गेलो. भागून बघा, दिवसाला ७९९ पडतात. आणि हा उद्योग मी केला होता स्वस्तात व्यायाम व्हावा म्हणून.

वय ४८. पंचविशीपर्यंत अंग कमावलेलं होतं, मग नोकरी, लग्न, स्कूटर आणि सेव-उसळ. २०२४च्या नवरात्रीत दोन फेऱ्या गरबा खेळून कठडा धरून उभा राहिलो, तेव्हा मुलीने "बाबा, पाणी आणू?" असं विचारलं. आजोबांना विचारतात तसं. तेव्हाच ठरवलं, पुन्हा सुरू करायचं, पण महिना हजाराच्या आत. बायको म्हणाली, "अहो, दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, मामंजी तिथेच मल्लखांब करायचे ना? नाहीतर कमाटीबागेत चाला, चालायला मशीन कशाला?" व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या गावात राहून मला ट्रेडमिल हवी होती. असो.

उत्तरायण झालं आणि घराजवळ बोर्ड लागला. प्री-लॉन्च, फाउंडर मेंबर, दोन वर्षांचे १७,९९९. म्हणजे महिन्याला साडेसातशेसुद्धा नाही. १९ जानेवारी २०२५, रविवार, मी आत गेलो. ओल्या प्लास्टरचा वास, एसीच्या जागी भोकं, भिंतीला टेकवलेली सहा-सात मशिनं, त्यांच्यावर प्लास्टिक. एका ट्रेडमिलच्या पायाशी भाड्याने देणाऱ्या कोणाचं तरी स्टिकर होतं. ते मी वाचलं. वाचलं आणि मनात म्हटलं, बरं आहे, पोरं हुशार आहेत, सुरुवातीला खर्च कमी ठेवतात.

काउंटरवरचा मुलगा गोड. "काका, आ ऑफर आजे सांजे बंध." पर्सनल ट्रेनरचे ५,००१ वर घातले, एकूण २३,०००. मी म्हटलं, एवढे एकदम जमणार नाहीत. तेच त्याला हवं होतं. २,००० क्यूआरवर, उरलेले २१,००० बारा महिन्यांत, १,७५० चा हप्ता, व्याज शून्य. क्यूआर स्कॅन केल्यावर जिमचं नाव न येता कोणा बाईचं नाव आलं. "मम्मी छे, काका." बोर्डावर एक नाव, पावतीवर दुसरं, पैसे मम्मीला. पावतीवर "जीएसटीसहित" लिहिलेलं, नंबर कुठेच नाही. आणि मी काय काम करतो? अकाउंट्स. गेली एकवीस वर्षं. दुसऱ्याच्या बिलावर जीएसटी नंबर नसेल तर बिल परत पाठवतो मी.

पण खरा क्षण तो नव्हे. तो पुढे आला आणि अजून रात्री डोळ्यांसमोर येतो.

आधार, पॅन, सेल्फी झालं. माझा फोन त्याच्या हातात, चष्मा माझा स्कूटरच्या डिकीत. एक ओटीपी आला, सांगितला. दुसरा आला, सांगितला. तिसरा आला तेव्हा मी फोन हातात घेतला आणि लांब धरून वाचला. त्यात "लोन अ‍ॅग्रीमेंट" असं लिहिलं होतं. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "लोन?" तो हसला. "ए तो सिस्टममां एवुं ज लखाय, काका. व्याज झीरो छे ने!" मागे दोन जण रांगेत उभे होते, एक माझ्याच सोसायटीतला. त्याच्यासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. सहा आकडे सांगून टाकले.

तेवढ्यात सगळं संपलं होतं. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे जिमला महिन्याला हप्ता देणं नव्हे. फायनान्स कंपनी आपलं व्याज जिमकडून आधीच कापून घेते आणि उरलेली रक्कम एकगठ्ठा जिमला देते. जिमचा विषय तिथेच मिटतो. पुढे देणेकरी तुम्ही, तेही कंपनीचे. जिम चालो, बुडो, जळो. प्रोसेसिंग फी ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे, हे पहिल्या हप्त्याबरोबर गेले. शून्य खर्चाची सुरुवातच ही.

ओटीपी सांगण्याआधी पूर्ण मेसेज वाचा. चष्मा आणायला खाली जावं लागलं तर जा, ऑफर तोवर पळून जात नाही.

"उद्घाटन १ फेब्रुवारी"चं ३ मार्च झालं. पहिला हप्ता ५ फेब्रुवारीलाच कापला गेला होता. मार्चमध्ये माझं इयर एंडिंग असतं, त्यामुळे दिवस कमी भरले, हे कबूल. पण एप्रिल-मेमध्ये मी मनापासून जात होतो, गुडघा दुखत असतानाही. ट्रेनर मे महिन्यात गायब झाला, जूनमध्ये एसी. २८ जूनला मी शेवटचा गेलो आणि ३० तारखेला कुलूप, वर कागद : रिनोवेशन. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप "ओन्ली अ‍ॅडमिन" झाला. रात्री टेम्पो आला आणि मशिनं घेऊन गेला, वॉचमनने सांगितलं. भाड्याचीच होती ना.

आता सरकारी आणि निमसरकारी यात्रा. पोलीस ठाण्यात आम्ही नऊ जण गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा विचारलं, "पार्टी कोण?" तीन नावं सांगितली : बोर्डावरचं, पावतीवरचं, लोनच्या कागदावरचं. तो वैतागला, म्हणाला, एक नक्की करून या. म्हणजे गुन्हेगार कोण हे आम्ही ठरवून आणायचं! तिसऱ्यांदा मी धीर करून ४२० म्हटलं, तर उत्तर आलं, "४२० तो हवे रही ज नथी." बरोबर आहे, १ जुलै २०२४ पासून ती न्याय संहितेची ३१८ झाली, पण फसवणूक काही रद्द झालेली नाही ना? "आ तो सिविल मॅटर छे, काका. जिम चार महिना चाली ने? तमे सही करी छे ने?" अरजी घेतली. एफआयआर नाही. अरजीच्या प्रतीवर शिक्का मागितला तर शिक्का ज्याच्याकडे असतो तो जेवायला गेला होता. साडेतीनपर्यंत बसलो. तो जेवूनच राहिला.

वॉर्ड ऑफिसने सांगितलं, दुकान बंद असेल तर आमचा संबंध नाही. चालू असताना आलो असतो तर काय संबंध होता, देव जाणे. बँकेत गेलो, म्हटलं ऑटो डेबिट थांबवा. शाखेतली मुलगी म्हणाली, कंपनीकडून पत्र आणा. कंपनीच्या फोनवर यंत्र बोलतं, नऊ दाबा, परत एक दाबा, आणि अकराव्या मिनिटाला माणूस आला तो म्हणाला, "सर, सर्व्हिसची जबाबदारी मर्चंटची." मर्चंट कुठे आहे? "सर, ती माहिती आम्ही देऊ शकत नाही." त्याच मर्चंटला २१,००० पाठवताना पत्ता माहीत होता. ईमेलला उत्तर आलं आठ दिवसांनी, सोबत माझीच सही असलेलं करारपत्र. त्यात नवव्या पानावर कूलिंग-ऑफ मुदत लिहिलेली. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं काही व्याज असेल तर ते भरून कर्जातून बाहेर पडता येतं. पण मुद्दल जिमच्या खिशात, म्हणजे २१,००० मी पदरचे काढायचे. आणि ती मुदत चालू होती तेव्हा मी पाय मोकळे करायचे व्हिडिओ बघत होतो. तरीही लिहून ठेवतो, की-फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, त्याच रात्री उघडा, सहा महिन्यांनी उघडून उपयोग नसतो.

ऑगस्टला मी हट्टाने खातं रिकामं ठेवलं. फळ काय? बँकेचा दंड ५९०, कंपनीचा ५९०, आणि दिवसाला सहा फोन. एक फोन तर ऑफिसच्या लँडलाइनवर. डिसेंबरमध्ये मुलीच्या एज्युकेशन लोनचे कागद करायचे होते, सिबिल बिघडून चालणार नव्हतं. गुपचूप चुकलेला हप्ता भरला आणि पुढचे सगळे जाऊ दिले. शेवटचा ५ जानेवारी २०२६ ला गेला. मला भित्रा म्हणायचं तर म्हणा. १,७५० साठी पोरीचं कर्ज अडकवणारा बाप मला व्हायचं नव्हतं.

हप्ता बंद करून धडा शिकवायचा विचार असेल तर करू नका. धडा जिमवाला शिकत नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, तारीख आणि नंबर जपा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते : आपण सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. हे मला पोलीस ठाण्यात, वॉर्ड ऑफिसात, बँकेत कोणीही सांगितलं नाही. सोसायटीतल्या त्याच माणसाने सांगितलं, जो रांगेत माझ्या मागे उभा होता आणि ज्याच्यासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. त्याने माझ्यानंतर पाच मिनिटांनी तेच २३,००० भरले होते. जिम आणि कंपनी दोघांनाही पार्टी करून आम्ही तक्रार टाकली आहे. तारीख पडायची आहे.

सध्या कमाटीबागेत चालतो. जिमसाठी घेतलेले बूट लॉकरमध्ये होते, टेम्पोतून तेही गेले. त्यांचे २,३९९ वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.