विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट : ऊन, आरओ, रेझिन की पावसाचे पाणी?

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या तपासणीत नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर निघाले, तर भारतीय मानकानुसार (आयएस 10500) ते पाणी पिण्यायोग्य ठरत नाही, आणि या मर्यादेत कोणतीही सवलत दिलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने या मर्यादेबाहेर होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड हे जिल्हे त्यात ठळकपणे दिसतात. सूर्यप्रकाशाने नायट्रेटचे विघटन होते हे वाचून काही जण विचारतात की, ऊन फुकट मिळत असताना यंत्र कशाला घ्यावे? प्रश्न रास्त आहे, कारण त्यामागचे रसायनशास्त्र खरे आहे.

नायट्रेट 302 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषते. ओझोनच्या थरातून गाळून जमिनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश साधारण 295 नॅनोमीटरपासून पुढे सुरू होतो, त्यामुळे या दोहोंची गाठ एका अरुंद पट्ट्यातच पडते. तेथेही नायट्रेटची शोषणक्षमता क्षीण असते, आणि शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एक-दोनच रेणू फोडतात. रेणू दोन वाटांनी फुटतो. एका वाटेने नायट्रोजन डायऑक्साइड आणि अत्यंत क्रियाशील असा हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. दुसऱ्या वाटेने ऑक्सिजनचा अणू सुटून नायट्राइट उरते.

उथळ, नितळ पाण्यात उन्हाळ्यातील भर दुपारी हा वेग सेकंदाला एक कोटी रेणूंमागे सुमारे तीन, म्हणजे तासाला हजारात एक इतका असतो. लिटरमागे 90 मिलिग्रॅम नायट्रेट 45 वर आणायचे, तर रोज सहा तास तसेच कडक ऊन धरूनही शंभराहून अधिक दिवस लागतील. हा हिशेबसुद्धा उदार आहे, कारण तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड पाण्याशी अभिक्रिया करून पुन्हा नायट्रेट आणि नायट्राइट देतो, आणि हायड्रॉक्सिल मूलक नायट्राइटला परत त्याच चक्रात ओढतो. नायट्रोजन पाण्यातच राहतो. शिवाय मधल्या टप्प्यावरचे नायट्राइट नायट्रेटहून अधिक घातक असते : जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा नायट्रेटसाठी लिटरमागे 50 मिलिग्रॅम, तर नायट्राइटसाठी केवळ 3 मिलिग्रॅम आहे.

पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून सुमारे सहा तास उन्हात ठेवण्याची पद्धत जंतुनाशासाठी उपयुक्त आहे, पण तेथे काम करतात ते अधिक लांब लहरींचे किरण आणि उष्णता. नायट्रेटला लागणारे आखूड लहरींचे किरण ते प्लास्टिक बहुतांशी अडवते. शेततळ्यात नायट्रेट कमी होताना दिसते, त्याचे श्रेयही मुख्यतः शेवाळाला आणि तळच्या गाळातील जिवाणूंना जाते. उन्हातील या अभिक्रियेचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे : तिच्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक उघड्या पाण्यातील अनेक कीटकनाशकांचे व तणनाशकांचे अवशेष मोडतात. निसर्गाचे हे काम मोठे आहे, पण पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट काढण्याची सोय म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

उकळणे, तुरटी आणि क्लोरीन यांनी नायट्रेट निघत नाही. उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

घरगुती वापरासाठी आरओ, म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून गाळणारे यंत्र, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. चांगल्या स्थितीतील पडदा साधारणपणे 85 टक्के किंवा त्याहून अधिक नायट्रेट रोखतो, म्हणजे 90 मिलिग्रॅमचे पाणी 15 च्या आत येते. मात्र अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळणारा टीडीएसचा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा राहिला तर नायट्रेटही त्याच वाटेने पेल्यात येते, म्हणून अशा विहिरीवर तो बंदच ठेवावा. टीडीएस मीटर पाण्यातील एकूण क्षारांचा अंदाज देतो, नायट्रेट वेगळे दाखवत नाही. आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नये, यंत्रातून आलेल्या पाण्याचीच प्रयोगशाळेत तपासणी करावी. वाया जाणारे पाणी ही या पर्यायाची खरी किंमत आहे, आणि टंचाईच्या गावात ती जाणवते. म्हणून आरओ पिण्यासाठी व स्वयंपाकासाठीच वापरावा.

आयन-विनिमय करणारे रेझिन, म्हणजे पाण्यातील नायट्रेट धरून बदल्यात क्लोराइड सोडणारे बारीक मणी, वाडीवस्तीच्या सामायिक योजनेला अधिक शोभते, कारण त्यात पाणी कमी वाया जाते आणि मिठाच्या द्रावणाने रेझिन पुन्हा ताजे करता येते. पण साधे रेझिन सल्फेटला आधी धरते. सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात ते भरत आले की आधी पकडलेले नायट्रेट सोडून देते, आणि मग बाहेर येणारे पाणी मूळ पाण्याहूनही वाईट असू शकते. म्हणून नायट्रेटलाच प्राधान्य देणारे रेझिन घ्यावे आणि नियमित तपासणी करणारा माणूस नेमावा. तो मिळणार नसेल तर हा पर्याय टाळलेला बरा.

छपरावरचे पावसाचे पाणी साठवता येत असेल, तर त्यात नायट्रेट सहसा अत्यल्प असते. 90 मिलिग्रॅमच्या एका भागात त्याचे दोन भाग मिसळले की प्रमाण 30 च्या आसपास येते. अर्थात जंतूंसाठी वेगळी प्रक्रिया हवीच. ते काम ऊन किंवा क्लोरीन करू शकते.

घरात सहा महिन्यांखालील, वरचे दूध घेणारे बाळ असेल, तर यंत्र बसेपर्यंत थांबू नये. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध 1945 मध्येच दाखवून देण्यात आला होता. दुधाची पावडर कालवायला त्याच दिवसापासून नायट्रेट तपासून सुरक्षित ठरलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी आणावे, आणि बाळाच्या ओठांवर किंवा नखांवर निळसर झाक दिसताच त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.