दशमांश द्यायचा की स्वेच्छेनं अर्पण? आपल्या सीमाभागातल्या घरांचा विचार करून

बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जा, नवीन नोकरी लागलेली पोरं हमखास विचारतात, पगाराचा दहावा भाग चर्चला द्यायलाच पाहिजे का, की जमेल तेवढं मनापासून दिलं तरी चालतं? माझं मत आधीच सांगतो. ज्याला महिन्याला ठरलेला पगार येतो त्यानं दहावा भाग धरून चालावं, पण शेतकऱ्यावर आणि रोजंदारीवाल्यावर तो नियम म्हणून कुणी लादू नये.

दशमांश म्हणजे हाच दहावा भाग. तो म्हटला की बायबलमधलं मलाखी ३:१०, 'सगळा दशमांश भांडारात आणा', सगळ्यांना पाठ असतं, पण मुळात तो कशासाठी होता ते पण वाचा की. बायबलच्याच गणना १८ मध्ये तो लेव्यांना, म्हणजे उपासनास्थळाची सेवा करणाऱ्या वंशाला दिलाय, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता, आणि त्यांनाही मिळालेल्यातला दहावा भाग पुढं याजकांना द्यावा लागायचा. अनुवाद १४ मध्ये तर दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेवी, परदेशी, अनाथ, विधवा यांना पोटभर खाऊ घालायला सांगितलंय. हा भाग उपदेशात फार कमी ऐकू येतो आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मत्तय २३:२३ दोन्ही बाजूचे लोक वापरतात, कारण येशू तिथं पुदिन्या-जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना झापतो, पण दशमांश सोडा असं म्हणत नाही.

दशमांशाचा मोठा फायदा म्हणजे मंडळीला, म्हणजे गावातल्या चर्चला, किती पैसा येणार याचा अंदाज येतो. पाळकसाहेबांचा पगार वेळेवर होतो, पावसाळ्याआधी छप्पर दुरुस्त होतं, लाईट बिल थकत नाही.

अडचण कुठं येते बघा. तीस हजार पगारवाल्यानं ३,००० दिले तर हातात २७,००० राहतात, पण महिन्याला कसेबसे ९,००० कमावणाऱ्या रोजंदारीवाल्यानं ९०० दिले की ८,१०० मध्येच भाडं, रेशन, पोरांची फी सगळं बसवायचं. टक्का एकच, पण ओझं सारखं नाही. आणि ऊसवाल्याचं तर विचारूच नका. समजा कारखान्याचं बिल २ लाख आलं, त्यातले १ लाख १० हजार सोसायटीच्या कर्जात आधीच वळते झाले, मग दहावा भाग २ लाखाचा धरायचा की उरलेल्या ९० हजाराचा? खत, तोडणी, मजुरी वजा करायची का? माझ्या मते खर्च आणि कर्ज वजा जाऊन जे उरतं तेच उत्पन्न, त्यावरच धरावं.

आता स्वेच्छेचं अर्पण. २ करिंथ ९:७ मध्ये प्रेषित पौल सांगतो, मनात ठरवल्याप्रमाणे द्या, कुरकुरत नको, जबरदस्तीनं नको. पण लोक यातलं 'ठरवल्याप्रमाणे' विसरतात आणि रविवारी थैली समोर आली की खिशात जे सुटे सापडतील ते टाकतात. १ करिंथ १६:२ मध्ये तर दर आठवड्याला, मिळकतीप्रमाणे, बाजूला काढून ठेवा असं स्पष्ट आहे, आणि तो पैसा यरुशलेमच्या गरिबांसाठी होता.

या पद्धतीचं सुख बघायचं असेल तर खेड्यातल्या मंडळीत कापणीच्या सणाला जा. कोण तांदळाची पिशवी आणतं, कोण गुळाची ढेप, कोण कोंबडी, आणि मग लिलावात एकच भोपळा घेणारा परत मंडळीलाच देऊन टाकतो की पुन्हा बोली सुरू. ज्यांच्या हातात रोकड नसते तेही तिथं ताठ मानेनं देतात. मिझोराममध्ये तर बायका १९१० पासून रोज रांधताना मूठभर तांदूळ चर्चसाठी काढून ठेवतात आणि त्यावर मोठं सेवाकार्य चालतं. पण कमीपणा पण आहे, नाताळला पेटी भरते आणि जून-जुलैत पेरणी, शाळेची फी आली की हलकी होते, पाळकांच्या घरीपण त्याच वेळी शाळेची फी असते की.

म्हणून शेतकरी घरानं महिन्याला छोटी रक्कम ठरवावी, अगदी १०० रुपये का असेना, आणि बिल आलं की वरचं द्यावं. कर्ज काढून, सोनं गहाण ठेवून अजिबात देऊ नका. दशमांश दिला नाही म्हणून घरात आजारपण आलं असं कुणी म्हणालं तर ते मानू नका, देव असा हप्ता वसूल करत नाही.

दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण वार्षिक सभेत खजिनदारांकडून मागच्या वर्षाचा जमाखर्च मागून घ्या, आणि त्यात विधवा, आजारी, शिकणारी गरीब पोरं यांच्यासाठी किती गेलं तो आकडा आधी बघा.