लाल ठिपका तळाला दिसला आणि १७,४६४ रुपये गेले

बिल समोर ठेवूनच लिहितोय. १४,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे २,६६४, एकूण १७,४६४. घेतलं काय? ‘दुधाच्या आरपार बघून आतलं तापमान सांगणारी’ इन्फ्रारेड गन. तसलीच गन दीड हजाराच्या आत मिळते, हे नंतर कळलं.

डेमो आमच्याच डेअरीच्या ओट्यावर झाला. काचेच्या ग्लासात पाणी, वरून गन रोखली, लाल ठिपका थेट बुडाला. “बघा साहेब, तळापर्यंत पोचलं!” आकडा २९. अहो, पाणी २९, ग्लास २९, ओटाही २९! छताकडे रोखली असती तरी तेच आलं असतं. साय धरलेल्या गरम दुधात दाखव म्हणायची बुद्धी झाली नाही. तो ठिपका म्हणजे नेम धरायचा लेझर, साधा उजेड, पाण्यातून जाणारच. तापमान कळतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या (८ ते १४ मायक्रॉनच्या) किरणांवरून, आणि पाणी ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यातच गिळून टाकतं. म्हणजे गनला दिसते नुसती साय.

मी बीकॉम. पहाटे चारला उठणाऱ्यानं किरणांचा अभ्यास कधी करायचा?

दुसऱ्याच दिवशी १२० लिटर दुधाला विरजण लावलं. गनवर ४३. वर पंखा चालू, साय धरलेली. बायको म्हणाली, “अहो, बोट तरी बुडवून बघा.” मी हसलो. दही लागलंच नाही. पुढच्या घाण्याला काचेचा थर्मामीटर बुडवला: गनवर ४३, आत ५६! ५२ रुपयांनी ६,२४० रुपयांचं दूध गेलं ते वेगळंच.

चौकीत साहेब गन माझ्या कपाळावर रोखून म्हणाले, “आकडा येतोय की! मग फसवणूक कसली?” वर “दिवाणी मामला आहे.” पुढच्या कार्यालयात तीन हेलपाटे. एकदा साहेब मीटिंगला, एकदा झेरॉक्स कमी, तिसऱ्यांदा “धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही.” पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरलाय, हे मी त्यांना सांगायचं! कलम दाखवलं तर म्हणे लंच टाइम झाला.

डेमो गरम दुधातच मागा, शेजारी बुडवायचा थर्मामीटर ठेवून. चकचकीत गरम स्टीलवरही गन भलताच कमी आकडा दाखवते. आणि तोंडी दावा बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त ‘डिजिटल थर्मामीटर, १ नग’ आहे.