देवमाशाचा डोळा घडीत गेला: वाचनकोपऱ्यातल्या पुस्तकसंचाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

प्राणीकोशाचं पान सुटलं त्याच दिवशी हे लिहायला बसणार होते. पण विक्रेत्याशी पत्रव्यवहार सुरू झाला, तो लांबत गेला, आणि तोवर संचातली बाकीची पुस्तकंही मुलांच्या हातून भरपूर फिरली. त्यामुळे हे पहिल्या रागात लिहिलेलं नाही. राग आहेच, पण तो नेमका कशाचा हे आता नीट कळलं आहे.

पहिली ते चौथीसाठीचे असे संच तुमच्या ओळखीचे असतील. थोड्या चित्रकथा, थोडी प्राणी-अवकाश-शरीर अशा विषयांवरची माहितीची पुस्तकं, आणि ज्याच्याकडे बघून सगळा संच घेतला जातो असा एक जाडजूड, चकचकीत, पुठ्ठा बांधणीचा कोश. विषय, पानं, वयोगट हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं. पुस्तक बांधलंय कसं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे.

सुटलं ते निळ्या देवमाशाचं पान. तीस मीटरपर्यंत वाढणारा प्राणी, म्हणून चित्र दोन पानांवर पसरलेलं, आणि डोळा बरोबर दोन पानांच्या मध्ये. एका मुलीने विचारलं, "बाई, ह्याला डोळाच नाहीये का?" डोळा होता, घडीच्या आत. तो दिसावा म्हणून तिने पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडलं. नंतर जो कोणी त्या पानावर आला त्याने तेच केलं. कण्यातला गोंद आधी तडकला, मग पान हातात आलं, आणि पाठोपाठ शेजारचंही सुटायला लागलं.

विक्रेत्याचं उत्तर आलं की हे 'अयोग्य हाताळणीमुळे झालेलं नुकसान' आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाने चित्र नीट दिसावं म्हणून पुस्तक पूर्ण उघडणं अयोग्य कसं, हे मी तीनतीनदा विचारलं. उत्तर नाही. फोटो पाठवले, बिलाची प्रत पाठवली, शेवटी कोश बदलून मिळाला. नवी प्रत त्याच छापाची, त्याच बांधणीची. ती थोड्याच दिवसांत त्याच पानावर करकरू लागली. तेव्हा मात्र मी प्रत बाजूला ठेवली आणि पुस्तकाचा कणा वरून नीट पाहिला.

मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा तयार होतो. म्हणूनच चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात: दोन फर्मे, कागद वाया जात नाही. हे फर्मे घडीतून दोऱ्याने शिवले तर पुस्तक सपाट उघडतं आणि पान सहजी सुटत नाही. परफेक्ट बायंडिंगमध्ये मात्र या घड्याच कापून टाकतात. प्रत्येक पान सुटं होतं आणि केवळ गोंदाच्या एका थरावर उभं राहतं. कादंबरीला ते चालतं, कारण तिचा कागद हलका असतो आणि ती कोणी टेबलावर सपाट पसरत नाही. मुलांच्या कोशाचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो. गुळगुळीत मुलाम्यावर गोंद नीट धरत नाही, आणि जाड पान उलटताना कण्याला ओढत राहतं. म्हणजे गोंदाची बांधणी जिथे सर्वांत कमी टिकते तिथेच ती सर्रास वापरतात, आणि वर कडक पुठ्ठा लावतात. पुठ्ठा बघून आपण पुस्तक मजबूत समजतो. पुठ्ठा फक्त कोपरे सांभाळतो, आतल्या पानांचा त्याच्याशी संबंध नाही.

चित्रकथेत हे एक वेळ चालून जातं. घडीत झाडाची एक फांदी गेली तर गोष्ट अडत नाही. माहितीच्या पुस्तकात मात्र घडीत नेमकी माहितीच जाते. आमच्या शरीराच्या पुस्तकात लहान आतड्याला लावलेलं नाव घडीत आहे, नकाशाच्या पानावर एक अख्खा किनारा घडीत आहे. मुलं अशा पानांवर मजकूर वाचत नाहीत. नावाकडून रेषेकडे, रेषेकडून चित्राकडे जातात. रेषा घडीत गेली की त्यांचा रस्ताच तुटतो. चित्रकार हे टाळू शकतो. बत्तीस पानांच्या पिन मारलेल्या पुस्तकात सोळा-सतरा या जोडीचा कागद अखंड असतो. सोळाच्या दोन फर्म्यांच्या शिवलेल्या पुस्तकात आठ-नऊ आणि चोवीस-पंचवीस या जोड्या अखंड असतात. मोठं चित्र तिथे घ्यावं, इतर पानांवर घडीपासून दोन्ही बाजूंना जागा सोडावी. संचातल्या एका साध्या पक्ष्यांच्या पुस्तकात कोणीतरी हा विचार केलेला आहे. गरुडाचे पसरलेले पंख बरोबर मधल्या जोडीवर आहेत आणि चोच घडीपासून चांगली दूर. ते पान पाहिल्यावर मला खरोखर आनंद झाला.

आता मत कुठे बदललं ते सांगते. कोश फाटल्यावर मी ठरवलं होतं की यापुढे सगळं शिवलेलंच घ्यायचं, महाग पडलं तरी. पण महिने गेले तशी गंमतच झाली. संचातली सर्वांत बारीक, दोन पिना मारलेली, मऊ मुखपृष्ठाची पुस्तकं सर्वांत जास्त वाचली गेली आणि त्यांचं एकही पान सुटलेलं नाही. ती सपाट उघडतात, हलकी असल्याने पोटावर ठेवून वाचता येतात, आणि चार मुलं चार पुस्तकं घेऊन बसू शकतात. जाड कोशावर एका वेळी एकच गट बसतो आणि पान कोणी उलटायचं यावर वाद होतात. मुखपृष्ठ पिनेजवळ मळतं आणि दुमडतं, बास. ही पुस्तकं संचात भर म्हणून टाकलेली होती. खरा वापर त्यांचाच झाला.

मग सगळं शिवलेलं का घेऊ नये? कारण काही माहिती पुस्तकाच्या कागदाआधी जुनी होते. प्लूटो २००६ साली ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला, तरी नऊ ग्रहांची चित्रं अजून हाती येतात. शनीच्या चंद्रांची संख्या छापणारं कुठलंही पुस्तक घ्या: २०२५च्या मार्चमध्ये एकदम १२८ चंद्रांची भर पडून ती २७४ झाली. डायनोसॉरचंही तेच. पिसांसारखं आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स १९९६मध्ये चीनमधून जगासमोर आला. व्हेलोसिरॅप्टरच्या हातांच्या हाडांवर पिसं रोवल्याच्या खुणा मिळाल्याचं २००७मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्या कोशात तो अजून खवल्यांचा आहे, आणि माणसाएवढा उंच. म्हणून माझा हिशोब आता असा: अवकाश, डायनोसॉर, यंत्रं-तंत्रज्ञान ही पुस्तकं पिनेची, स्वस्त आणि ताजी घ्यावीत, काही वर्षांनी बदलावीत. जादा पैसे चित्रकथांवर आणि 'हे कसं घडतं' सांगणाऱ्या पुस्तकांवर घालावेत, तीही शिवलेली असतील तरच. बी रुजतं कसं, पूल उभा राहतो कसा, ही माहिती पुढच्या वर्गांनाही उपयोगी पडते.

जुनं होणं वेगळं आणि मुळात चूक असणं वेगळं. शरीराच्या पुस्तकात जिभेचा नकाशा आहे: गोड टोकाला, कडू मागे. हा गैरसमज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुस्तकांतून फिरतो आहे. जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. मुलांनी साखर जिभेच्या कडेला लावून पाहिली आणि चव लागली. "पुस्तकात चुकीचं छापतात?" या प्रश्नावर पुढे जे बोलणं झालं ते मला संचातल्या कुठल्याही धड्यापेक्षा मोलाचं वाटतं. तरी त्यासाठी चुकीचं पुस्तक विकत घ्यावं असं नाही. घेण्याआधी चार ठिकाणी तपासा: जिभेचा नकाशा, निळं अशुद्ध रक्त (खरं तर ते गडद लाल असतं), अंतराळातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारी चीनची भिंत, आणि पृथ्वीला चिकटून काढलेला चंद्र. चंद्र आणि पृथ्वी यांच्यामध्ये सुमारे तीस पृथ्वी एका रांगेत बसतील इतकं अंतर आहे. चित्रात ते दाखवणं कठीण आहे हे मान्य, पण 'अंतर प्रमाणात नाही' एवढं छापायला एक ओळ पुरते. ती ओळ छापणाऱ्या प्रकाशकावर मी बाकी पानांसाठीही विश्वास ठेवते.

सूचीबद्दल थोडक्यात. शेवटी सूची असेल तर तिसरी-चौथीची मुलं पुस्तक मधूनच उघडायला शिकतात. आमच्या कोशाला सूची आहे, पण तिथले पानांचे आकडे काही ठिकाणी एकाने चुकलेले आहेत. मुलांनी पेन्सिलने ते दुरुस्त केले आणि मी करू दिले.

गडद चित्रावर पांढरी बारीक अक्षरं हा दोष जवळपास प्रत्येक चित्रकथेत सापडला. दुकानात चित्र सुंदर दिसतं. वर्गात नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे जोडाक्षरावर अडतं, आणि आपल्याला वाटतं त्याला वाचता येत नाही.

शब्द नसलेल्या चित्रपुस्तकांबद्दल माझं मत पूर्ण उलटलं. ती पहिलीसाठी म्हणून वेगळी ठेवली होती. चौथीतल्या मुलांनी ती मागून नेली आणि प्रत्येक पानाला स्वतःची वाक्यं लिहिली. त्याच पुस्तकाच्या तीन निरनिराळ्या गोष्टी तयार झाल्या. तेव्हापासून चित्रपुस्तक निवडताना मी मजकूर हाताने झाकते. चित्रातून शब्दांपलीकडचं काही कळत असेल तर घेते. शब्दात सांगितलेलंच चित्रात पुन्हा काढलं असेल तर परत ठेवते.

मूल वाचनात कच्चं आहे म्हणून त्याला माहितीची पुस्तकं देऊ नयेत, असं अनेक पालक म्हणतात. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा मजकूर जास्त समजली. आमच्याकडे जो मुलगा गोष्टीचं एक पान पुरं करत नव्हता तो किड्यांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचतो, 'रूपांतरण' हा शब्दही न अडखळता. म्हणून पाच बोटांची पद्धत, म्हणजे पानावर पाच शब्द अडले की पुस्तक अवघड, मी गोष्टींना लावते. आवडीच्या विषयाला लावत नाही.

एवढ्यावर कोश परत पाठवला नाही. फाटलेल्या पहिल्या प्रतीची पानं सुटी करून प्लास्टिकच्या पाकिटांत घातली. आता देवमासा फळ्यावर पूर्ण लावता येतो, डोळ्यासकट, आणि एका वेळी अनेक गट वेगवेगळी पानं घेऊन बसतात. दुसरी प्रत कपाटात आहे, ती बांधणीवाल्याकडून भोकं पाडून दोऱ्याने शिवून घ्यायचा विचार आहे. तसं शिवताना घडीकडची आणखी थोडी जागा जाते, त्यामुळे अजून ठरवलेलं नाही.

पुढची खरेदी संचाची नाही, सुट्या पुस्तकांची. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून पुस्तक बंद असताना कण्याचा वरून काढलेला फोटो मागा. पानांचे छोटे छोटे गोलसर गठ्ठे दिसले तर फर्मे शाबूत आहेत, मग मधलं पान उघडून दोरा दिसतो का ते विचारा. सगळी पानं एका सरळ रेषेत गोंदात बुडालेली दिसली तर ती गोंदाची बांधणी. दुसरा फोटो मागा तो सर्वांत मोठ्या चित्राच्या जोडपानाचा, पुस्तक हाताने न दाबता उघडं ठेवून काढलेला. माझ्या विक्रेत्याने हे दोन्ही फोटो पाठवायला नकार दिला, म्हणून पुढची मागणी मी दुसरीकडे नोंदवली आहे.